पुढे चालणाऱ्याच्या आठवणी

नागझिरा आणि नवेगावबांध ही नावे मराठी वाचकाला पुस्तकांनी दिली. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या तळ्याकाठी मुक्काम करून पाखरांची, झाडांची आणि माणसांची नावे मराठीत आणली. ही दोन्ही ठिकाणे तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होती. जंगल म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर बोडीवर उतरलेली बदके येतात आणि टेंभुर्णीखाली बसलेले अस्वल येते. याच जंगलाचा पूर्वेकडचा पदर मात्र देवरी, चिचगड, केशोरी, सालेकसा असा पुढे छत्तीसगडपर्यंत जातो. तिथे ऐंशीच्या दशकापासून आणखी एक चाल सुरू होती. रात्री नक्षलवाद्यांचे सशस्त्र दलम चालायचे आणि त्यांच्या मागावर पोलीस. त्या चालण्याची आठवण मराठीत आली ती वर्तमानपत्राच्या चौकटीत, मृतांच्या आकड्यांसह. चालणाऱ्यांपैकी कुणी बसून सगळे सांगितले, असे फारसे झाले नाही.

हे पुस्तक अशा एका माणसाच्या आठवणींचे आहे. ते साकोली तालुक्यातल्या गोंड कुटुंबातले. भंडारा पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा जंगलाचा मोठा भाग आणि त्यासोबत तेही तिकडे गेले. पुढची बरीच वर्षे नक्षलविरोधी अभियानाच्या कमांडो पथकात, गोंदियात आणि गडचिरोलीत गेली. आईकडून गोंडी आली, घरात झाडीबोली होती, सीमेवर छत्तीसगडी कानावर पडून पडून जमली. पथकाच्या रांगेत ते बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या जागी असत. पुस्तकात त्यांचे नाव नाही, गावाचेही नाही. कारण त्यांना माहिती देणारी माणसे अजून त्याच गावांत राहतात, आणि नावावरून गावापर्यंत पोचायला या भागात वेळ लागत नाही.

पुस्तक हाती घेण्यापूर्वी वाचकाला थोडा काळ समजून घ्यावा लागेल. १९८० च्या एप्रिलमध्ये आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप हा नक्षलवादी गट स्थापन झाला. त्याच वर्षी त्यांची पहिली दलमे गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात आली. २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबीनपेठा गावी पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपुरातून निघाला. तेंदूपत्त्याच्या पुड्याला मिळणारा भाव, बांबू कापण्याची मजुरी, वनरक्षकाची दमदाटी, पट्टा नसलेली जमीन या गोष्टींवर दलमने बोट ठेवले आणि लोकांनी ऐकले. निवेदक हे सरळ सांगतात. ते लहान असताना तेंदूपत्ता तोडायला जात. फळीवर पुडे मोजताना मुन्शी कसा मूठभर पुडे बाजूला टाकायचा, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. दलमला भाकरी का मिळाली, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. प्रश्न पडला तो पुढच्या काळाचा. खबरी ठरवून गावाच्या चौकात पोलीस पाटलाला मारू लागले आणि शाळेची इमारत उडवू लागले, तेव्हाचा.

१९९० साली गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे पथक उभे केले. तेच सी-६०. कल्पना साधी होती. बाहेरून आलेली राखीव दलाची तुकडी या जंगलात आंधळी असते. तिला वाट माहीत नसते, भाषा येत नाही, कोण कुणाचा सोयरा हे कळत नाही. म्हणून इथलीच पोरे घ्यायची, गोंड, माडिया, हलबा, आणि त्यांच्याच हाती शोध द्यायचा. आदल्याच वर्षी आंध्रात के. एस. व्यास यांनी ग्रेहाउंड्स हे नक्षलविरोधी पथक उभे केले होते. तिथल्या शिस्तीचा आणि प्रशिक्षणाचा या पथकांना पुढे उपयोग झाला. पथकाची प्रत्येक टोळी तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते. जवान आपण अमुक ‘पार्टी’तला असेच सांगतो. मोठा हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याचेही जंगलात पार्टी कमांडरपुढे चालत नाही, कारण तिथला निर्णय जमिनीकडे पाहून घ्यावा लागतो.

जमिनीकडे पाहण्याची ही विद्या पुस्तकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात आली आहे. माझ्या मते पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच. सकाळी दव असताना गवतावरून माणूस गेला की त्याच्या मागे गडद पट्टा राहतो, आणि ऊन चढेपर्यंत तो दिसतो. पायवाटेवर कोळ्याची जाळी दोन्ही झुडपांना ताणलेली असेल, तर रात्रीपासून तिथून कुणी गेलेले नाही. छातीच्या उंचीवरची तुटली असेल तर माणूस, गुडघ्याखालची असेल तर रानडुक्कर किंवा भेकर. टाच खोल आणि पंजा उथळ असेल तर पाठीवर ओझे आहे. पाऊल आडवे पडत असेल तर पाय दुखावलाय. नाल्यातला दगड उलटून त्याची ओली बाजू वर आली असेल, तर ती सुकायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर काढायचे. चूल पुरून टाकली तरी माती बोटाला कोमट लागते. पळसाच्या पानांचे द्रोण सापडले तर मोजायचे. जेवणारे किती हे त्यातून कळते, आणि द्रोण कुणाच्या हाताने टाचले आहेत हेही. प्रत्येक भागात काडी लावायची पद्धत निराळी, आणि त्यांची आई ती ओळखायची. वानर खोकले तर कशासाठी खोकले, टिटवी एकाच जागी का ओरडते आहे, यावरही पान दीड पान आहे.

यातले काहीही त्यांना पोलीस प्रशिक्षण केंद्रात मिळाले नाही. गाय हरवली की बापाबरोबर रानात जायचे, मधाचे पोळे शोधायचे, पाऊस पडल्यावर सात्या, म्हणजे अळंबी, कुठे उगवतात ते पाहायचे, यातून ते आले. प्रशिक्षणाने वर शिस्त चढवली. ज्या वाटेने गेलो तिने परतायचे नाही. जिथे रांधले तिथे जेवायचे नाही, जिथे जेवलो तिथे झोपायचे नाही. सडकेवरून चालायचे नाही, रपट्यावरून तर नाहीच. पाठीवरच्या पिट्टूत पोहे, फुटाणे आणि गूळ. पाणी नाल्याचे, आणि ते प्यायल्यावर येणारा हिवताप ठरलेला. जखमीला खाटेवर घालून, दोन बल्ल्या बांधून, पाळीपाळीने खांद्यावर घेत सडकेपर्यंत आणायचे. हेलिकॉप्टर यायच्या आधीचा तो काळ. या पानांत गोळीबार फारच थोडा आहे. चालणे आहे, बसून राहणे आहे, आणि तहान आहे.

वाचताना मला सारखी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची युद्धे आठवत राहिली. त्यांच्यावर इंग्रजीत आठवणींची पुस्तके उदंड आहेत. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, मूठभर गोऱ्यांचे सरकार टिकवण्यासाठी १९७३ साली सेलस स्काउट्स नावाचे पथक निघाले. त्याचा प्रमुख रॉन रीड-डेली आधी मलायाच्या जंगलात कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध लढून आला होता. करिबा सरोवराच्या काठी वाफा वाफा इथे जवानांना माग काढायला आणि उपाशी राहायला शिकवत. त्या पथकाची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी. पकडलेल्या बंडखोरांना फितवायचे, त्यांच्याच वेशात आणि त्यांच्याच बंदुका घेऊन खेड्यात शिरायचे, आणि खऱ्या बंडखोरांची बातमी काढायची. दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीने १९७९ मध्ये कूफुट हे पोलीस पथक उभारले. चिलखती गाड्यांच्या पुढे ओवाम्बो जमातीचे मागकाढे धावत असत आणि मारलेल्या प्रत्येक बंडखोरामागे रोख इनाम मिळे. अंगोलातून पळून आलेल्या काळ्या सैनिकांची ३२ बटालियन होती. ती १९९३ मध्ये मोडली, आणि तिच्यातल्या कुटुंबांचा मुक्काम अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या खाणीच्या पॉमफ्रेट गावात उरला.

ही तुलना जपून करावी लागते. तिकडे वर्णावर उभी असलेली राजवट होती. ती शेजारच्या देशांत घुसून छावण्या जाळत होती. ऑगस्ट १९७६ मध्ये मोझांबिकमधल्या न्याडझोन्यावर सेलस स्काउट्सनी हल्ला केला. त्यात मारले गेलेले लढवय्ये होते असे ऱ्होडेशियाचे म्हणणे, तर तो निर्वासितांचा तळ होता असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेचे. आपल्याकडे निवडून आलेले सरकार आहे, न्यायालय आहे, आणि जंगलावर विमानातून बॉम्ब पडलेले नाहीत. या दोन लढायांना एका पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल, आणि या जवानांवर तर फारच. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पुढे चालणारा माणूस त्याच मातीतला होता आणि ज्याचा माग काढायचा तोही त्याच मातीतला.

आणि तिकडच्या बहुतेक पुस्तकांत हाच माणूस मुका आहे. अधिकाऱ्यांनी लिहिले, गोऱ्या जवानांनी लिहिले, इतिहासकारांनी लिहिले. ज्या शोना किंवा ओवाम्बो मागकाढ्याच्या डोळ्यांवर सगळी मोहीम चालत होती, तो त्या पानांत ‘उत्कृष्ट ट्रॅकर’ म्हणून येतो, एखाद्या छायाचित्रात कडेला उभा दिसतो आणि निघून जातो. त्याला घरी काय म्हणत होते, युद्ध संपल्यावर शेजारी त्याच्याशी बोलले का, हे तिथे फारसे सापडत नाही. नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला. त्या संक्रमणकाळात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेची सूत्रे भारताच्या लेफ्टनंट जनरल प्रेमचंद यांच्याकडे होती. १ एप्रिल १९८९ रोजी शस्त्रसंधी लागू व्हायच्या दिवशीच उत्तर सीमेवर लढाई पेटली आणि बरखास्तीच्या वाटेवर असलेले कूफुटचे लोक पुन्हा मैदानात उतरले. पुढे ते पथक मोडले गेले, आणि त्यातले ओवाम्बो जवान आपल्याच गावांत संशयाच्या नजरा झेलत राहिले. नामिबिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी गडचिरोलीत सी-६० निघाले. आपल्याकडे या माणसाला बोलते करायला अजून वेळ आहे, म्हणून हे पुस्तक व्हावे असे मला मनापासून वाटत होते.

बोलते करणे सोपे नव्हते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्री नाटक. अशा मंडईत त्यांना कुणी ना कुणी गाठतो आणि किती मारले असे विचारतो. ते उत्तर देत नाहीत. या पुस्तकातही तो आकडा नाही. आहे ते २००९ साल. त्या वर्षी १ फेब्रुवारीला मरकेगावजवळ १५ पोलीस गेले, २१ मे रोजी हत्तीगोटा इथे १६ गेले, त्यांत महिला पोलीसही होत्या, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीत १७. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. निवेदक यांपैकी कुठल्याही जागी नव्हते, पण तिघांच्या घरी निरोप घेऊन जाण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते प्रकरण सहा पानांचे आहे, आणि त्यात त्यांनी फक्त अंगणांचे वर्णन केले आहे. कुणाच्या अंगणात धान वाळत होते, कुठे बैल बांधले होते, कुठल्या म्हातारीने आधी पाणी विचारले. मी हे प्रकरण तीनदा वाचूनही त्यात एक शब्द घालावा किंवा काढावा असे मला वाटले नाही.

भाताचे प्रकरण मात्र कठीण आहे. रात्री दलम येते, गावाला स्वयंपाक सांगते. बंदुकीपुढे नाही म्हणता येत नाही. सकाळी पोलीस येतात आणि कुणी भात शिजवला ते विचारतात. दोन्हीकडून मार खाणारा माणूस एकच असतो. एका म्हाताऱ्याला याच प्रश्नावरून आपण मारले, असे निवेदक लिहितात. त्या म्हाताऱ्याची बायको गोंडीत जे बोलली ते रांगेत फक्त त्यांनाच कळले होते. ते वाक्य त्यांनी लिहिलेले नाही. ही पाने गाळावीत असे घरच्यांचे म्हणणे होते. त्यांनी ती ठेवली. मला विचाराल तर या पुस्तकाची विश्वासार्हता याच पानांवर उभी आहे. सेलस स्काउट्सच्या कहाण्यांत खेडुताला आपल्या दाराशी आलेला बंडखोर खरा की सोंग घेतलेला, हे कळेनासे झाले आणि त्याने दोघांवरचाही विश्वास सोडला. आपल्याकडे तसे सोंग नव्हते, पण दार वाजल्यावर पोटात येणारा गोळा तोच होता.

कसनासूरबद्दलही ते गप्प बसलेले नाहीत. २२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावतीच्या काठी कसनासूर-बोरिया परिसरात मोठी चकमक झाली. तिथे आणि लगेच झालेल्या राजाराम खांदलाच्या चकमकीत मिळून ४० नक्षली मारल्याचे पोलिसांनी जाहीर केले. गट्टेपल्लीच्या काही कुटुंबांनी आपली मुले त्यांत होती, ती लग्नाला निघाली होती, असे सांगितले. पोलिसांच्या मते ती दलममध्ये नव्याने भरती झालेली होती. निवेदक तेव्हा मोहिमेत नव्हते आणि ते निकाल देत नाहीत. एवढेच लिहितात की बारा दिवसांपूर्वी दलममध्ये गेलेले पोरगे आणि बारा वर्षे राहिलेला कमांडर यांच्या पावलात फरक असतो, पण गोळी सुटताना पाऊल कुणी पाहत नाही. वाचकाला हे पुरेसे वाटणार नाही. मलाही वाटले नाही. मी त्यांना पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा तेवढेच सांगितले, आणि ते तसेच छापले आहे.

भंडाऱ्याच्या वाचकाला जांभुळखेडा विसरणे शक्य नाही. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली. तिकडे निघालेले शीघ्र कृती पथक खासगी गाडीने सडकेवरून जात होते. जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ जवान आणि गाडीचा चालक जागीच गेले. त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही होते. जंगलात घालवलेल्या सगळ्या वर्षांचा धडा सडकेवरून चालायचे नाही हा, आणि तो का मोडला गेला याबद्दल निवेदकांच्या लिहिण्यात राग आहे. तो राग मी संपादनात सौम्य केलेला नाही.

आता चित्र पालटले आहे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात नक्षल्यांचा नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड पट्ट्यातली नक्षल्यांची बांधणी खिळखिळी झाली. १ जानेवारी २०२५ ला त्यांच्यातली ज्येष्ठ तारक्का शरण आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा नवरा, नक्षल्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. ज्याचे नाव निवेदकांनी भरतीनंतर पहिल्या काही वर्षांतच ऐकले होते, त्याला त्यांनी घरातल्या टीव्हीवर पहिल्यांदा नीट पाहिले. शरण आलेल्यांपैकी काही जण पुढे पोलीस दलातही घेतले जातात, आणि कालपर्यंत ज्यांचा माग काढला त्यांच्या शेजारी बसून चहा प्यावा लागतो. शेवटचे प्रकरण अशाच एकाबद्दल आहे. दोघांच्या आईची माहेरे एकाच खोऱ्यातली निघाली. कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंडांची जत्रा भरते, तिथे दोघेही लहानपणी जात असत, बहुधा एकाच वर्षी.

संपादनाविषयी थोडे. आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, मग निवेदकांनी वहीत बऱ्याच पुन्हा लिहिल्या. झाडीबोलीतली वाक्ये जिथे बोलण्यात आहेत तिथे तशीच ठेवली आहेत. त्यांचा अर्थ पुढच्या ओळीत लागतो, म्हणून शब्दसूची दिलेली नाही. गोंडी संवाद मराठीतच आहेत, कारण तसा आग्रह त्यांचाच होता. तारखा जाहीर घटनांच्या आहेत तिथे पडताळल्या आहेत. लहान चकमकींच्या तारखा आणि जागा मुद्दाम धूसर ठेवल्या आहेत. नकाशा दिला आहे तो जुन्या, अखंड भंडारा जिल्ह्याचा. पहिले प्रकरण वाचताना देवरी, सालेकसा आणि अर्जुनी-मोरगाव त्याच नकाशावर पाहावे. तेव्हा चिचगडच्या ठाण्यातला माणूस पगार घ्यायला भंडाऱ्याला यायचा, आणि पुस्तक सुरू होते ते अशाच एका एस. टी. च्या प्रवासात.